दालचिनीच्या लॉटची लाल चिठ्ठी

सन्माननीय अध्यक्षताई, व्यासपीठावर बसलेले अग्निशमन केंद्राचे प्रमुख, आपली लेबलं इतकी वर्षं न कंटाळता छापून देणारे छापखान्याचे दादा, आजच्या सत्कारमूर्ती बाई, पहिल्या रांगेतले त्यांचे यजमान आणि लेक, आणि घरच्या ओट्यावर मेण वितळवता वितळवता इथवर आलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

मला सात मिनिटं दिली आहेत. घरी घड्याळ लावून वाचून पाहिलं तर नऊ झाली, म्हणून मी चार विशेषणं आणि माझी स्वतःची ओळख कापली. विशेषणांवाचून बाईंचं काही अडणार नाही. ओळख शेवटी लागेल, तेव्हा ती तिथेच करून देते.

आत्ताच अध्यक्षताईंनी मानपत्र वाचून दाखवलं. भाषा सुरेख आहे. त्यात एक वाक्य असं आहे: "एक अपवाद वगळता त्यांची बावीस वर्षांची सेवा निष्कलंक राहिली." सभागृहात कुणी चुळबूळ केली नाही. बाईंनीही मान खाली घातली नाही. मी मात्र हातातला कागद दोनदा घडी करून दोनदा उलगडला. त्या वाक्यातल्या पहिल्या तीन शब्दांकडे मी येणार आहे. आधी रीतसर कौतुक करू द्या, कारण ते खरं आहे.

बाईंचं काम बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसतो. मेणबत्तीला कसली आलीय कागदपत्रं, म्हणतो. आपण घरी सुगंधी मेणबत्त्या करतो, संस्थेमार्फत त्या दुकानांत जातात, आणि जाण्यापूर्वी प्रत्येक लॉट बाईंच्या टेबलावर थांबतो. सुगंधी तेलाचं सुरक्षा पत्रक जोडलंय का? ते ज्या प्रमाणासाठी आहे तेवढंच तेल मेणात घातलंय का? ॲलर्जीचा इशारा लागत असेल तर तो लेबलवर आहे का? आणि करणारीचं नाव, पत्ता, फोन? यातलं एक जरी नसलं तरी खोक्याला लाल चिठ्ठी. आपल्यापैकी कुणाच्या खोक्याला ती कधीच लागली नाही? हात वर करू नका, समोर बाई बसल्या आहेत.

प्रत्येक लॉटमधली एक मेणबत्ती त्या शेवटपर्यंत जाळून बघत. शेजारी बसून. दर अर्ध्या तासाने ज्योतीची उंची, काजळी, आणि उलट्या हाताने काचेची धग बघून नोंद. अग्निशमन केंद्राचे साहेब आत्ता म्हणाले की आपल्या मेणबत्तीपायी त्यांची गाडी एकदाही बाहेर पडलेली नाही. मी खाली बसून विचार करत होते, न लागलेल्या आगीचं श्रेय कोणत्या रकान्यात लिहायचं? बाईंच्या वहीत तसा रकाना नाही. मी शोधला.

लेबलवरचं अक्षर पुरेसं मोठं आहे की नाही हे ठरवायची त्यांची पद्धत कोणत्याही नियमावलीत सापडणार नाही. त्यांचे यजमान पूर्वी बस चालवायचे. निवृत्तीनंतर त्यांची नजर जवळचं वाचायला कुरकुर करू लागली. बाई लेबल घरी नेत, त्यांचा चष्मा काढून घेत आणि म्हणत, "अहो, हात लांब करा आणि वाचा." त्यांना जमलं नाही की लेबल परत दादांच्या छापखान्यात. पुढे ही पद्धत बंद पडली. का, ते लेकीने सांगितलं. बाबांना सगळं पाठ झालं. कोरा कागद पुढे धरला तरी ते म्हणायचे, "पेटवून नजरेआड करू नये, मुलांपासून दूर ठेवावी, वाऱ्याच्या झोतात ठेवू नये." एकदा पाहुण्यांनी, तुमच्या सौभाग्यवती कशा आहेत, असं विचारलं तर त्यांनी हेच उत्तर दिलं म्हणे. काका हसतायत, म्हणजे खरं असावं.

आता माझी गोष्ट. ती बाईंच्या गौरवाचाच भाग आहे, म्हणून इथे सांगते.

नऊ वर्षांपूर्वी मी या संस्थेत नवीन होते. माझी एकच ओळख होती, दालचिनी आणि संत्र्याच्या वासाची मेणबत्ती. एका मोठ्या विश्रामगृहाने प्रत्येक खोलीसाठी एक, अशा साठ मागवल्या. वास दारातून आत येताच जाणवला पाहिजे, ही त्यांची अट. माझं सुरक्षा पत्रक आणि लेबल होतं सहा टक्के तेलासाठी. मी दहा टक्के घातलं. दहाला लेबल बदलतं, त्वचेला ॲलर्जी होऊ शकते असा इशारा आणि त्या घटकाचं नाव छापावं लागतं. मला ते माहीत होतं. नवीन पत्रक मागवायला आठवडा लागला असता. मी जुनंच लेबल चिकटवलं.

बाईंनी एक मेणबत्ती उचलली, न पेटवता हुंगली, डोळे मिटले.

"किती टक्के?"

"सहा."

"हे सहाचं नाही." त्यांनी आवाज अजिबात चढवला नाही. "दहाच्या आसपास आहे. दहाचं पत्रक आणा, मी आजच्या आज सोडते."

मी भांडले. नाक म्हणजे काय तराजू आहे का, असं सगळ्यांदेखत विचारलं. त्यांनी लाल चिठ्ठी लावली आणि पुढच्या बाईंचं खोकं ओढलं. ऑर्डर हातची गेली.

त्या संध्याकाळी मी अध्यक्षांना एक निनावी पत्र लिहिलं. मी रोज डायरी लिहिते. त्या दिवसाच्या पानावर फक्त एवढंच आहे: "आज एक पत्र टाकलं." कुणाला, कशाबद्दल, काही नाही. एरवी भाजी खारट झाली तरी अर्धं पान लिहिणारी मी. पत्रात होतं की तपासणीच्या टेबलावर मर्जीतल्यांचे लॉट सुटतात आणि नव्यांचे मुद्दाम अडवले जातात. हे खोटं होतं. लिहिताना ते खोटं वाटत नव्हतं, अशी सवलत मी बरीच वर्षं स्वतःला देत आले. आज ती देत नाही.

पंधरा दिवसांनी त्या साठ मेणबत्त्या पुन्हा वितळवायला माझी जाऊ मदतीला बसली. मेण काचेतून खरवडता खरवडता तिच्या दोन्ही मनगटांवर लाल चट्टे उठले, रात्रभर खाज. डॉक्टरांनी विचारलं, कशाला हात लावला होता, त्यात काय काय आहे? जाऊ माझ्याकडे बघू लागली. जे लेबलवर असायला हवं होतं, ते मला तोंडाने सांगावं लागलं. ती साठ खोल्यांतली साठ मनगटं असती.

तेव्हा मी पत्र मागे घ्यायला हवं होतं. नाही घेतलं. तोवर चौकशी सुरू झाली होती. बाईंना टेबलावरून उठवून चार महिने मागच्या खोलीत खोक्यांना फिती बांधायला बसवलं. त्या चार महिन्यांत माझे तीन लॉट पाच-पाच मिनिटांत सुटले. काही सिद्ध झालं नाही, बाई टेबलावर परत आल्या, पण त्यांच्या नोंदीत शेरा राहिला. आज मानपत्रात जो अपवाद आहे, तो हाच.

गेल्या गुरुवारी बाईंनी मला कार्यभार दिला. सोमवारपासून त्या टेबलावर मी बसायचं असं ठरलंय. करणाऱ्या प्रत्येकीची एक, अशा एकतीस फायली त्यांनी एकेक करून माझ्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाल्या, "आधी तुझी वाच."

माझ्या फायलीत दालचिनीच्या सहा टक्क्यांच्या पत्रकामागे ते पत्र होतं. खुलासा मागताना मूळ पत्रच बाईंच्या हातात दिलं गेलं होतं. मैत्रिणींनो, ज्या कपाटात माझी तेलं असतात त्याच कपाटात माझे कोरे कागद असतात. मी सही केली नव्हती, मजकूर टाइप केलेला होता, आणि संपूर्ण कागदाला दालचिनीचा वास होता. ज्या नाकाला मी सगळ्यांदेखत 'तराजू आहे का' म्हणून हिणवलं, त्याच नाकाखाली मी ते पत्र पाठवलं होतं.

पत्राला लाल चिठ्ठी टाचलेली होती. बाईंच्या अक्षरात, नऊ वर्षांपूर्वीच्या तारखेची: "नाव-पत्ता नाही. पूर्तता होईपर्यंत प्रलंबित."

मी विचारलं, बाई, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?

त्या म्हणाल्या, "अगं, लेबल करणारीने लावायचं असतं. मी लावलं तर ती तपासणी कसली?"

त्यानंतर नऊ वर्षांत माझे किती लॉट त्या टेबलावर गेले असतील? एकही विनाकारण अडला नाही आणि एकही मर्जीने सुटला नाही. मी वहीत तपासलं. याहून मोठं काय मी त्यांच्याबद्दल सांगू शकते, मला सुचत नाही.

अध्यक्षताई, ते पत्र मी बरोबर आणलं आहे. कालच त्यावर माझं पूर्ण नाव, घरचा पत्ता आणि फोन नंबर लिहिला आणि खाली सही केली. ओळख शेवटी करून देते म्हटलं होतं, ती ही. माझी विनंती दोन गोष्टींची आहे. मानपत्रातला अपवाद बाईंचा नाही, ते चुकीच्या खोक्यावर लागलेलं लेबल आहे. ते काढा. छापखान्याचे दादा इथेच बसले आहेत, बाई घरी जातील तेव्हा त्यांच्या हातात नवीन प्रत असावी. आणि सोमवारी त्या टेबलावर मी बसायचं की नाही, ते हे पत्र वाचून नव्याने ठरवा. जे ठरवाल ते मला मान्य आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार. नऊ मिनिटं झालीच असतील. बोलण्यात कुणाचा उल्लेख राहिला असेल, मानपानात कमी-जास्त झालं असेल, तर ते तुम्ही सगळे पोटात घालाल अशी खात्री आहे. पत्राची माफी मात्र मी सभागृहाकडे मागत नाही.

बाई, पूर्तता करून आणलं आहे. तपासून घ्या.