काचेचं कपाट

तुमाले तं माहीतच हाय, मी अमरावतीच्या मोठ्या कॉलेजात शिकवतो आन् माझा साळा दिन्या हिवरखेडच्या कॉलेजात. यंदा त्याच्या कॉलेजच्या पोरींनी खो-खोत विद्यापीठाची ट्रॉफी आणली, मंग नाटकाची, मंग वक्तृत्वाची. दर वेळी बायको मोबाइलवर फोटो दाखवे आन् माझ्या पोटात दुखे.

काल दिन्याचा फोन आला. मी मुद्दाम म्हटलं, "एवढ्या ट्रॉफ्या ठेवाले जागा तरी हाय काय तुमच्या इथं?"

"त्याच्यासाठीच फोन केला, भाऊजी," तो एकदम गरिबावानी बोलला. "तुमच्या प्रिन्सिपलच्या केबिनमंदी ट्रॉफ्या ठेवाचं काचेचं कपाट हाय ना, ते आमाले देता काय?"

मी तडकून म्हटलं, "मंग आमी चहाच्या कपबश्या कुठी ठेवाच्या?"