चौथ्या मजल्यावरचा प्रोब

ताई : ...आणि तो कागद मेट्रननी माझ्यासमोर आपटला. 'नेटवर्कमध्ये दोष नाही.' खाली सही कुणाची, तर माझ्या सख्ख्या भावाची.

धाकटा : तो तुझ्यावर उलटेल हे मला काय माहीत? हॉस्पिटलचं नेटवर्क मी बघतो. ठीक होतं का, विचारलं. ठीक दिसलं, लिहून दिलं.

ताई : मी स्क्रीनसमोर डोळ्यांत तेल घालून बसले होते रे. नऊ नंबरच्या आजोबांचे ठोके स्क्रीनवर अगदी व्यवस्थित. चार मिनिटं तसेच. खोलीत गेले तेव्हा आजोबा निळे पडलेले. आता सगळे म्हणतात, सिस्टरला डुलकी लागली. तीन वाजता चौकशी. सव्वीस वर्षांची नोकरी, आज दुपारी निकालात काढतील.

धाकटा : आजोबा कसे आहेत?

ताई : आहेत. बोलत नाहीत.

धाकटा : मी खरंच तपासलं गं. तळमजल्यावरच्या मुख्य खोलीत माझा प्रोब आहे. एवढीशी डबी, पण तारेतून काय जातं, किती जातं, सगळं टिपते. अख्ख्या इमारतीची ये-जा तिथून होते. त्या दिवशी तिथं काहीच खोट नव्हती.

ताई : माझी स्क्रीन चौथ्या मजल्यावर, आजोबांची खाटही चौथ्या मजल्यावर. मधे वीस पावलं. ते ठोके तळमजल्यावर कशाला तडमडतील?

धाकटा : नाही येत ते खाली. मजल्यावरचं मजल्यावरच फिरतं. मी फाटकावर पहारेकरी बसवला, आणि त्याला काही दिसलं नाही म्हणून घरात सगळं ठीक आहे असं लिहून दिलं. पंधरा वर्षं हेच काम करतोय मी, ताई. लाज वाटते. चल वर.

ताई : वॉर्डात पाय ठेवायला बंदी आहे मला.

धाकटा : वॉर्डात नाही. तारांचं कपाट जिन्यापाशी आहे.

ताई : हे एवढंसं कपाट? सव्वीस वर्षं मला वाटायचं यात झाडू ठेवतात.

धाकटा : या मजल्यावर दोन स्विच, म्हणजे तारा जुळवणाऱ्या पेट्या; एक खाटांकडची, एक तुझ्या टेबलाकडची, मधे एकच जुनी तार. तिच्या दोन्ही टोकांना प्रोब लावले. आता लॅपटॉपवर बघ. डावीकडे खाटांकडून निघालेलं, उजवीकडे तुझ्या टेबलाशी पोचलेलं.

ताई : या रेघा म्हणजे माझे पेशंट?

धाकटा : एकेका खाटेची एकेक. क्षणाक्षणाला प्रत्येक जण सांगून जातोय, मी आहे, असा आहे. असं मीही पहिल्यांदाच बघतोय.

ताई : अंगावर काटा आला रे. यांच्या उशाशी जन्म गेला माझा, पण सगळी एकदम अशी कधी दिसली नव्हती. ती बिचारी झोपलेली, आणि भिंतीतून हे अखंड चाललेलं. करंगळीएवढ्या तारेतून.

धाकटा : आजोबांचं झालं तेव्हा किती वाजले होते?

ताई : सकाळचे अकरा. डॉक्टरांच्या राऊंडच्या आधी.

धाकटा : आत्ताही अकराच होताहेत. ही बघ, स्कॅनच्या खोलीतून केवढी जाड रेघ निघाली. डॉक्टरांच्या खोलीत चित्रं चाललीत, त्याच तारेवरून.

ताई : उजवीकडच्या माझ्या रेघा कुठं गेल्या?

धाकटा : निघताहेत, पण त्या चित्रांच्या गर्दीत पोचत नाहीत. तुझी स्क्रीन शेवटचं चित्र धरून बसली असणार.

ताई : डावीकडे ती एक का उसळली?

धाकटा : पाच नंबर. धोक्याची सूचना देतोय, आणि इकडे काहीच... ताई, अगं बंदी आहे तुला.

(ती धावत आत गेलेली. काही मिनिटांनी परत येते.)

ताई : ऑक्सिजनची नळी निसटली होती. विशीतली पोर आहे. दार बंद, त्यामुळे खाटेजवळच्या यंत्राचा आवाज बाहेर नाही. माझ्या जागी बसवलेली सिस्टर स्क्रीनकडे टक लावून बसलीय, आणि पाच नंबर तिला ठणठणीत दिसतोय.

धाकटा : कुणी अडवलं नाही?

ताई : मेट्रननी बघितलं. तीन वाजता काढतील तेही.

धाकटा : तीन वाजता मीही येतोय. माझा कागद चुकीचा आहे हे मीच सांगणार, माझ्याच तोंडाने. माझं व्हायचं ते होऊ दे.

ताई : ते राहू दे. आधी ती चित्रं थांबवायला सांग.

धाकटा : तू आत होतीस तेव्हाच फोन केला. थांबलीत. चल, तुझा जबाब लिहायला बसू. ताई, ऐकतेस ना?

ताई : जरा दम धर. उजवीकडे रेघा परत येताहेत, अजून दोघं यायचेत.