गुरद्याचा मान

...आणि वर मलाच विचारतात, "मास्तर, पण तुम्ही गुरदे मागितलेतच कशाला?" कशाला म्हणजे? अहो, फक्त दाखवायला मागितले होते हो! मी काय खाणार होतो? आमच्या महाडच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबरठा ओलांडत नाही, आणि मी... जाऊ दे. तुम्ही बसा. मी आपला फेऱ्या मारतो, हा विषय निघाला की मला एका जागी राहवतच नाही.

तर तुम्हाला सांगतो, कापडे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरातली वाडी, तिथला मी मास्तर. एकटा. बायको महाडला, पदरात पोर. शनिवारी शाळा सुटली की पोलादपुरापर्यंत तंगडतोड, पुढे मिळाली तर मोटार, नाही तर पुन्हा तंगड्या आहेतच... आणि घरी पोचावं तर पोरगी मला बघून भोकाड पसरते! तिला वाटतं, हा कोण दाढीवाला आला? काळजात चर्र होतं हो. स्वतःच्या पोरीला स्वतःची ओळख करून द्यायची दर आठवड्याला? म्हणून मला महाडला बदली हवी होती. आणि डेप्युटीसाहेब मागच्या तपासणीला मिशीतल्या मिशीत म्हणाले होते, "हं... तो आरोग्यशास्त्राचा नवा धडा... उत्सर्जन संस्था... तो मुलांना नीट समजला, तर बघू तुमच्या महाडचं."

आता मला सांगा, उत्सर्जन संस्था शिकवायची कशी? "शरीरातली घाण" म्हटलं की पोरं खिदळणार, पोरी परकराच्या ओच्यात तोंड खुपसणार, आणि "मूत्र" म्हटलं की मागचं अख्खं गोणपाट गडाबडा लोळायला लागणार! तरी मी नेटाने फळ्यावर दोन मूत्रपिंडं काढली. छान, गुबगुबीत, मध्ये जराशी वाकलेली. तर पुढच्या रांगेतली मैना उठते आणि म्हणते, "मास्तर, ह्ये तं वाल हायत!" झालं! वर्ग गेला वालावर. कुणाचे वाल कडू, कुणाच्या आईच्या वालांना मोड लांब येतात, बिरड्यात गूळ घालायचा की नाही... माझी उत्सर्जन संस्था राहिली फळ्यावर लोंबकळत.

मग माझ्या डोक्यात आलं. कुठून आलं देव जाणे! गावदेवीची राखण होती, म्हणजे देवीला दरवर्षीचा बोकड पडायचा होता, आणि साहेबही नेमके त्याच दिवशी दुपारी यायचे होते. बोकडाची मूत्रपिंडं आणि माणसाची, काम तेच की! तो बोकड ज्याच्या दारात बांधला होता, त्या कुशाबाकडे मी गेलो. म्हटलं, "कुशाबा, बोकडाचे दोन्ही गुरदे शाळेला द्याल का?"

कुशाबाच्या हातातली चिलीम हातातच राहिली.

कारण मला काय ठाऊक, त्या बोकडाच्या एकेका अवयवाला घर ठरलेलं असतं म्हणून? मुंडी येसाजी गुरवाची, मागचा पाय पाटलाचा, आणि गुरदे कुणाचे? कुशाबाच्या घराचे! आज्या-पणज्यापासून! आणि मी सरळ त्याच्या ओट्यावर बसून त्याच्या घराचा मान मागत होतो... तेही दोन्ही! फक्त दाखवायला मागितले होते हो!

राखणीच्या दिवशी सकाळी देवळापुढे गाव बसलं. बोकड बाजूला बांधलेला, तोही ऐकतोय. कुशाबा उभा राहिला, "आमच्या खापरपणज्यापासनं गुरदे आमच्या घरात येत्यात. मास्तरला काय पायजे ता मागू दे, माजी गाय मागू दे, पन मान नाय द्यायचा!" मी म्हणतोय, "अहो मान नको, मूत्रपिंड हवं!" ऐकतंय कोण? शेवटी येसाजीने हात वर केला. "मास्तर गावच्या पोरांना शिकवतो, म्हंजे गावाचं काम करतो. त्याला बी मान पायजे. येक गुरदा कुशाबाचा, येक मास्तरचा. आजपासनं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, नको, नको. तर येसाजी कानाजवळ येऊन, "मास्तर, मानाला नको म्हनू नये. देवी ऐकते."

म्हटलं, ऐकू दे बाबा. साहेब येऊन जाऊ देत, मला महाड मिळू दे.

दुपारी वर्गात केळीच्या पानावर दोन गुरदे. आणि शेजारी कोण? कुशाबाची म्हातारी आई, तुळसा! वाडगा घेऊन आपल्या गुरद्यावर पहारा करत बसलेली. मी बोरू तासायचा चाकू काढला तशी किंचाळली, "माज्याला हात लावू नको! कापायचा तर तुजा काप!" कापला. माझा. डोळे मिटून. तोंड मात्र चालू, "रक्त इथून येतं, गाळलं जातं, घाण पाणी या नळीनं खाली..." आणि काय सांगू, एक पोर खिदळलं नाही! डोळे वटारून बघत होती सगळी.

साहेब आले. मैनेला उभी केली. "रक्तातली घाण कोण काढतं?"

"मूत्रपिंडं. रगात गाळायचं आन् घान पानी मुताच्या पिशवीत सोडायचं."

वा! मला महाडचा बाजार दिसायला लागला. पोरगी माझ्या कडेवर दिसायला लागली!

"शाब्बास. किती असतात?"

"दोन."

"कुठे असतात?"

आणि सगळा वर्ग एका सुरात, "येक कुशाबाच्या घरी, येक मास्तरच्या!"

तुळसाबाईंनी वाडगा पुढे करून त्यांना सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली. साहेब हसले, हसले, डोळे पुसत बसले. मग माझ्या पाठीवर थाप! "मास्तर, गावानं मान दिलेला शिक्षक मी आजवर पाहिला नव्हता. असा माणूस इथून हलवू? महाडला पाट्या टाकणारे पुष्कळ आहेत!" अहो साहेब, मी फक्त दाखवायला... पण साहेब घोड्यावर बसलेसुद्धा. आणि मागून कुशाबा, ज्याचा अर्धा मान मी खाल्ला, म्हणजे खाल्ला नाही, तुम्हाला कळलं, तोच म्हणतो, "मानकरी कदी गाव सोडून जातो व्हय, मास्तर?"

तेव्हा शेवटी बायको-पोरीलाच वाडीवर आणलं. पोरगी आता मला ओळखते, तेवढंच सुख. पण मान आला की पाळीही येते, हे मला कुणी आधी सांगितलं होतं? मानकऱ्यानं आपल्या पाळीला राखणीचा बोकड वर्षभर पाळायचा! यंदा पाळी कुणाची? या, बघा येऊन, माझ्या ओसरीला बांधलाय. माझ्या धोतरावर, माझ्या अंथरुणावर, बायकोच्या रांगोळीवर, दिवसभर, रात्रभर... मूत्रपिंडं एकदम उत्तम आहेत हो त्याची!