केरबानं ज्याला चोर केलं

ऐका! आधी ते मोबाइल उपडे ठेवा बघू. उजेड डोळ्यावर आला की भ्या पळून जातं. हां, आता कसं!

आपला केरबा ठाऊक हाय ना? त्योच, दर रविवारी कंपन्यांतल्या पोरापोरींना आपलं जुनं गाव दाखवत हिंडतो. बारव दाखवतो, दीपमाळ दाखवतो, आन् शेवटाला शिवंवरचा वीरगळ, लढाईत मेलेल्या गड्याचा कोरीव दगड. त्या दगडाची खरी हकिकत केरबाला कुठली माहीत! पण गप बसंल तर केरबा कसला? दगडावर खाली एक माणूस आडवा पडलाय, शेजारी गाया हायत. केरबानं ठोकून दिलं, "हा गुरं चोरायचा! गावानं धरला आन् आडवा केला." मधी दोन अप्सरा त्याला वर न्हेतायत. केरबा म्हणायचा, "ह्या त्याच्या दोन बायका, ओढाताण चाललीय." वर त्यो पिंडीपुढं हात जोडून बसलाय. "ही बघा माफी मागतोय!" पोरं पोट धरून हसायची, आन् केरबाची कॉलर ताठ.

तर एका रविवारी पोरांना वाटंला लावलं, हायवेवरच्या ढाब्यावर मटण हाणलं, आन् बघतो तर शेवटची बस गेलेली! "जातो की चालत," म्हणला, आन् कंपन्यांच्या मागनं खाणीकडची वाट धरली. आमुशा-बिमुशा काय नव्हती बरं, उगं खोटं सांगणार न्हाई. चांगलं चांदणं व्हतं. एका अंगाला वीरगळ, दुसऱ्या अंगाला दगडाची जुनी खाण, चार पुरुष खोल पाणी साठलेली.

वीरगळापाशी घोंगडी पांघरून एक बाबा बसलेला. "पाव्हणं, ह्यो दगड कुणाचा वो?"

केरबाला काय, ऐकणारा गावला! समदी गोष्ट रंगवून सांगितली, बायकांसकट. बाबा हसला न्हाई.

"पुन्यांदा सांगा. काय व्हता त्यो?"

"चोर!"

"बरं. चला, वाट दावतो."

निघाले दोघं. पाच मिंटं चालले, तर समोर वीरगळ! पुन्यांदा चालले. पुन्यांदा वीरगळ! बाबाचं आपलं तेच, "काय व्हता त्यो?" केरबानं मोबाइल काढला, नकाशा लावला. आरं बाबा! नकाशातला निळा ठिपका दगडाभवती गरागरा फिरतोय, आन् केरबा जागच्या जागी उभा! चकवा वो, चकवा! पल्याड कंपन्यांचे दिवे लखलखतायत, हाकेच्या अंतरावर, पण पाय काय तिकडं पडंना.

वळून बघतो तर घोंगडीत बाबाच न्हाई. नुसती घोंगडी उभी!

आन् घंटा वाजली. टण. टण. गुरांच्या गळ्यातली! एक घंटा, मग चार, मग चाळीस! दिसायला एक गाय न्हाई, पण तोंडावर ऊन ऊन श्वास. छातीला शिंगं टेकली. रेटायला लागली! केरबा मागं सरतोय, सरतोय, आन् टाच खाली गेली. खाणीचा काठ! खडा सुटला, डुबुक! केरबाला पवता येत न्हाई, तुम्हाला ठाऊकच हाय.

"काय व्हता त्यो?" घोंगडी इचारती.

केरबानं तोंड उघडलं, "चो..." आन् त्याला पोळा आठवला! आरं, पोळ्याला आपण बैल पैल्यांदा कुठं न्हेतो? त्याच दगडापुढं! मान तुकवून घेतो. आता बैल ऱ्हायले न्हाईत तर लोक ट्रॅक्टर न्हेतात. गेल्या साली आमच्या शिदूनं जेसीबीचं खोरं टेकवलं! केरबानं ल्हानपणी सोताच्या हातानं बैल तुकवलेला. चोरापुढं गुरं कोण तुकवंल?

"राखणदार!" केरबा बोंबलला. "गुरं वाचवताना गेलास बाबा! राखणदार हाईस तू! मी गाढव, मला काय कळत न्हाई, चुकलो!"

घंटा थांबल्या. शिंगं मागं सरली. आन् एका गाईनं त्याचा हात चाटला. दिसली न्हाई, पण खरबरीत जीभ लागली, केरबा आजून शपथ घेऊन सांगतो. मग जो पळाला, त्यो घराच्या उंबऱ्यातच पडला.

सकाळी लोकांनी बघितलं. त्याच्या चपला खाणीच्या काठावर, निम्म्या हवेत. आन् दगडाभवती खुरांचे ठसेच ठसे! आता गावात गाय उरलीय का एक तरी?

तवापासनं केरबा खरी गोष्ट सांगतो. कुणी हसत न्हाई, पण जाताना समदे दगडाला हात लावून जातात.

म्हणून सांगतो, रातीचं त्या वाटंनं जाऊ नका. कंपनीत उशीर झाला तर टेबलावर डोकं ठेवून झोपा, पण जाऊ नका! आन् चुकून गेलातच, तर त्या बाबाला चोर म्हणू नका.

थांबा. आता सांगताना मी किती येळा म्हणलो रं?

हसू नका, भाड्यांनो! माझं घर त्याच अंगाला हाय. उठा समदे, बॅटऱ्या घ्या, मला सोडायला चला. आन् वाटंत कुणी काय इचारलं, तर माझ्या आधी तुम्ही बोला, "राखणदार!"