ह्यांनी ढाबळ मोडली

मंडळी, कामंधामं सोडून आलात, बरं वाटलं. मला सलग बोलता येत नाही, दम लागतो. आज तर जास्तच जड जातंय. मध्ये थांबले तर सांभाळून घ्या.

आमचे हे परळच्या ह्याच इमारतीत वाढले. ऑफिसात कारकून, पण जीव सगळा गच्चीवर. तिथे ह्यांची कबुतरांची ढाबळ होती. लाकडी खोकी, जाळीची दारं, प्रत्येक कबुतराला नाव. हे ऑफिसला गेले की ढाबळ मी झाडायची. सुकलेली विष्ठा खरवडायची, पिसं गोळा करायची. धूळ उडायची. त्यात काय एवढं, असंच वाटायचं.

मग खोकला लागला. तो जाईना. जिना चढताना धाप लागू लागली. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात पक्षी आहेत का? मी नाही म्हणणार होते. ह्यांचं सुख कशाला काढून घ्यायचं? पण हेच आधी बोलले, "आहेत. माझी कबुतरं आहेत."

बाईंनी समजावलं. विष्ठेची, पिसांची बारीक धूळ श्वासातून आत जाते. काहींच्या फुप्फुसांना ती सोसत नाही. सूज येते, पुढे फुप्फुसं कडक होत जातात. गेलं ते परत येणार नाही, पण धूळ थांबली तर उरलंय ते वाचेल.

त्याच आठवड्यात कबुतरं वडाळ्याला मित्राकडे गेली. त्याने सोडली, तशी परत आली. येणारच ना? घर होतं त्यांचं. हे वर गेले आणि टाळ्या वाजवून त्यांना हाकललं. ज्यांना हातावर दाणे दिले, त्यांना. असं बरेच दिवस चाललं. तिकडे अंडी घातली, तेव्हा कुठे ती तिथली झाली.

मग ह्यांनी ढाबळ मोडली. तोंडाला मास्क लावून, पाणी मारून, धूळ उडू न देता. मला गच्चीवर येऊच दिलं नाही.

एकदा विचारलं, "अहो, आठवण येते का हो त्यांची?"

म्हणाले, "येते. पण तू चहा करताना गुणगुणतेस ना, ते मध्ये बंद झालं होतं. आता परत ऐकू येतं."

त्यानंतर खूप वर्षं मिळाली, मंडळी. संध्याकाळी वरळीला समुद्रावर जायचो. हे माझ्या चालीने चालायचे. आधी मी जाईन असं सगळ्यांना वाटलं होतं, मलाही. पण मी सुखात राहिले. एवढंच सांगायचं होतं.

आता ह्यांच्यासाठी थोडा वेळ शांत राहू या. बसूनच राहा. कुणाला उठवायला ह्यांना आवडायचं नाही.