स्टीव्हचा मूळपुरुष

सांगतो तुम्हाला, मी कधी कुणाच्या पगारावर जळलो नाही, पण स्टीव्हच्या खापरपणजोबावर जळलो. आखातात, फुजैराच्या आमच्या ऑफिसात हा अमेरिकन रोज टी-ब्रेकला सुरू व्हायचा, "आमचा मूळपुरुष जंगलात एकटा शिरला, झाडं तोडून घर बांधलं, अस्वलं मारली!" सगळे कौतुकानं ऐकायचे आणि माझ्या चहाची चव जायची. आमच्यात अस्वल कुणीच मारलेलं नाही.

शेवटी मी विचारलं, "त्याचे आईबाप कोण?"

स्टीव्हचा आवाज खाली आला. "तेच सापडत नाही. कित्येक वर्षं शोधतोय."

मी लगेच ठोकलं, "आमचे सगळे रत्नागिरीला, गावच्या एकाच कबरस्तानात आहेत. ईदची नमाज झाली की प्रत्येकाच्या कबरीवर फातिहा पढतो."

त्याचं तोंड असं उतरलं की त्या दिवशी चहा गोड लागला.

संध्याकाळी गावी चाचांना फोन करून हे ऐटीत सांगितलं. चाचा म्हणाले, "तू शेवटची फातिहा कधी पढलास?"

"पुढच्या ईदला येतो ना, इन्शाल्ला," मी म्हणालो.

"मग त्या गोऱ्याचा मूळपुरुषही तुझ्यासारखाच असणार. पुढच्या ईदला येतो इन्शाल्ला, असंच आईला सांगून निघाला असेल."