सोमवार हरणाबाईकडं

(आटपाडीजवळची एक वाडी. मंगलच्या घरापुढचा कट्टा. बालकल्याण समितीच्या वतीनं पाहणीला आलेल्या प्रांजलची जीप दारात उभी. उन्हाळ्याची सकाळची शाळा सुटायला अर्धा तास आहे.)

प्रांजल : ...म्हणून शाळेत मी तिला अगदी साधा प्रश्न विचारला. साक्षी, तुझं घर कुठलं? तर तिनं मलाच विचारलं, आज वार कोणता?

मंगल : सोमवार.

प्रांजल : मीही तेच सांगितलं. तर म्हणाली, मग हरणाबाईचं.

आकाराम : बराबर सांगितलं की. पोरगी हुशार हाय.

प्रांजल : आबा, हरणाबाई कोण?

आकाराम : सोमवारवाली.

प्रांजल : हे बघा, माझ्या कागदावर दोनच नावं आहेत. मंगल आणि इंद्रजित. साक्षीची आई मिरजेच्या दवाखान्यातून बरी होऊन येईपर्यंत बालकल्याण समितीनं तिला या नवरा-बायकोकडं सांभाळायला दिलीय. त्यात सोमवारवाली कुठंच नाही. खरं तर तुम्हीही नाही.

आकाराम : मी बिरदेव देवस्थान कमिटीचा अध्यक्ष. माजं नाव कुटल्याच कागदात नसतंय. खाली सही असती फकस्त.

मंगल : ताई, मी सांगते. आमचे हे सुट्टीवरनं सेलमला परत गेले, सोनं गाळायच्या कामावर. मी एकटी. पोरगी पहिले चार दिवस तोंड उघडंना. मी देवळात जाऊन आबांना एवढंच म्हटलं, कुणाची जराशी मदत झाली तर बरं हुईल.

आकाराम : आनि आमी त्याच दिवशी बैठक घेतली. आमच्यात देवाच्या नैवेद्याचे वार लावल्यात ताई. सोमवार हरणाबाई, मंगळवार मनुबाई, अशी सात घरं. माज्या आज्याच्या आदीपास्नं देव एक दिवस उपाशी ऱ्हायला न्हाई. म्हनलं, जी पद्धत देवाला चालती ती पोरीला न चालायला काय झालं?

प्रांजल : म्हणजे रोज एकेका घरातून डबा येतो.

आकाराम : डबा कशाला? पोरगी जाती की. देवाला जाता येत न्हाई म्हनून ताट देवळात न्यावं लागतंय. हिला पाय हायत.

प्रांजल : आणि झोपायला?

मंगल : झोपायला हितंच. तेवढं मी सोडलं न्हाई.

आकाराम : गुरवार सोडून. गुरवारी रंगुबाईकडं. मांजरीला पिल्लं झाल्यात तिच्यात.

प्रांजल : चार महिन्यांत तिचं वजन सहा किलोनं वाढलंय.

आकाराम : लिवा, लिवा. कमिटीचं नाव घालून लिवा.

प्रांजल : ते कौतुक नाहीये आबा.

मंगल : कुणी ताट पुढं केलं की ती न्हाई म्हणत न्हाई, ताई. हरणाबाई वाढती, मग शेजारची म्हणती आमच्यातला घास खा, मग माझ्याकडं येऊन माझ्यासाठी म्हणून परत जेवती. पोट धरून बसती, पन न्हाई म्हणत न्हाई.

प्रांजल : आणि अभ्यास कोण घेतं?

आकाराम : त्यो बी वारावर हाय. तशी यंदाच्या भाकणुकीतच सूचना आलीवती.

प्रांजल : कशात?

आकाराम : भाकणूक. देव अंगात येऊन वरसाचं भविष्य सांगतोय की. यंदा सांगितलं, पाऊस मध्यम, मेंढरास्नी रोगराई न्हाई, आनि नव्या पोरीचं गणित कच्चं.

प्रांजल : भाकणुकीत गणित?

आकाराम : आदी कवा आलं न्हवतं. मानसं पावसाचं ऐकून गप हुती, गणिताचं ऐकून उठून हुबी ऱ्हायली. दुसऱ्या दिवसापास्नं सात घरं पाढे घेत्यात.

मंगल : सात घरात सात तऱ्हेनं. मनुबाईचा सातचा पाढा चौसष्टाला संपतोय.

आकाराम : मनुबाईनं शाळा बगितलेली न्हाई. पन माया लय हाय तिच्यात.

प्रांजल : आबा, मला एक सांगा. हे सगळं करताना मंगलताईंना कुणी विचारलं?

आकाराम : तिला कशाला त्रास? आमच्यात देवाच्या नावानं बकरं सोडत्यात. ते कुनाच्याबी दारात जातंय, जाईल त्या घरात खातंय, कुनी त्याला हाकलत न्हाई. ते एकट्याचं न्हाई, समद्या गावाचं. तशी ही पोरगी. समद्या गावाची.

प्रांजल : आणि त्या बकऱ्याचं शेवटी काय होतं?

मंगल : सांगा की आबा.

आकाराम : ते जत्रंत बगत्यात. तुलना तेवड्यापुरती न्हाई घ्यायची.

प्रांजल : आता माझं ऐका. आज मला रिपोर्टमध्ये एका ओळीचं उत्तर लिहायचंय. मूल ज्या कुटुंबात दिलंय त्याच कुटुंबात राहतं का? राहत नसेल, तर दुसरं कुटुंब बघावं लागतं. तासगावला एक तयार आहे.

आकाराम : न्हेनार? सात घरं सांभाळत्यात म्हनून?

प्रांजल : सात घरं सांभाळतात, म्हणून तिला स्वतःचं एक सांगता येत नाही.

मंगल : ताई, मी चुकले. मला पहिल्याच आठवड्यात बोलायला पायजे हुतं. पन देवाचं काम म्हणून आलेल्या बायांना दारातनं परत कसं लावायचं? पोरीला जेवायला न्यायला हसत येत्यात. मी चार महिने भाकरी थापती आनि ती पोट भरून घरी येती. माझी भाकरी खाल्लीच तर माझं मन राखायला खाती.

आकाराम : हे तू मला कवा बोलली न्हाईस, पोरी.

मंगल : तुमी कवा विचारलं? बैठकीला मला चहा करायला बोलवलंवतं.

प्रांजल : मग आता सांगा. खरोखर काय मदत पाहिजे?

मंगल : तिला दर मंगळवारी आईला भेटवायला मिरजेला न्यावं लागतंय. दोन एसट्या बदलून. येताना ती खिडकीकडं तोंड करून रडती आनि मी दुसरीकडं बघून रडती. कुणीतरी संगं यावं. बोलू नये काय. नुसतं यावं.

आकाराम : एवढंच? देवाचा टेम्पो हाय की. ढोल न्यायचा. उद्याच काढतो. बत्तीस ढोलवाले हायत, समदे येतील.

मंगल : ढोल नकोत आबा. दवाखाना हाय.

आकाराम : बरं. चार ढोल.

मंगल : एकबी न्हाई.

आकाराम : रिकामा टेम्पो? बरं. आनि काय?

मंगल : तिच्या शाळेच्या कागदासाठी आटपाडीला तीन हेलपाटे झाल्यात. ते कुणीतरी बघा. आनि एखाद्या सांजेला बायांनी यावं, हात हलवत. पोरीला भरवायला न्हाई. माझ्याशी बोलत बसायला.

आकाराम : कामं तीन झाली. वार सात हायत. उरलेल्या चार वारी मानसांनी करायचं काय?

मंगल : नैवेद्य दाखवायचा. देवाला.

आकाराम : पटलं. मग ताई, आता पोरगी शाळेतनं यील. आज सोमवार, ती सरळ हरणाबाईत शिरंल, तुमी ते लिवनार. मी देवळातल्या माईकवरनं पुकारतो, समद्यांनी दारं लावून घ्या म्हनून. दारं बंद म्हनल्यावर हिकडंच यील.

प्रांजल : तुम्ही या कट्ट्यावरून उठायचं नाही.

आकाराम : बरं.

मंगल : शाळा सुटली. ती बघा, वळणावर आली. थांबलीय.

प्रांजल : इकडंच बघतेय.

आकाराम : वळली. गेली हरणाबाईत. मी म्हनलंवतं माईकवरनं—

मंगल : आबा, गप्प बसा जरा.

प्रांजल : बाहेर आली. इतक्यात जेवली?

आकाराम : हातात कायतरी हाय. स्वेटर. आता मनुबाईत शिरली. आज मनुबाईचा वार न्हाई, अशी चुकत न्हाई ती कवा.

मंगल : रंगपेटी घेतलीय.

आकाराम : आता रंगुबाईकडनं चपला. आनि ती फणी कुनाची?

मंगल : तिचीच. सगळं तिचंच हाय. ज्या घरी जे ऱ्हायलं हुतं ते गोळा करत सुटलीय.

आकाराम : बगा ताई. पोरीनं तुमचं बोलनं न ऐकता समजून घेतलं. समदं एका घरात आनतीया. लिवा आता.

मंगल : तसं न्हाई आबा. ती आपल्या दाराकडं बघत न्हाई. दारातल्या जीपकडं बघती.

आकाराम : जीपकडं कशाला?

प्रांजल : मावशीकडून तिला बालगृहात मी नेलं. बालगृहातून इथं मीच आणलं. दोन्ही वेळा हीच जीप होती. दोन्ही वेळा मी तिला म्हटलं होतं, तुझं सामान भर, काही विसरू नको.

आकाराम : आनि आज तुमी शाळेत जाऊन इचारलं, घर कुटलं.

प्रांजल : हो.

मंगल : ताई, ती फाटकापाशी आली. आत येईना.

प्रांजल : हॅलो, सिद्धूदादा? जीप तिथून काढा. वळणापलीकडं न्या, दिसणार नाही अशी लावा. नाही, सोबत कुणी नाही येणार. मी आहे अजून थोडा वेळ.

आकाराम : ताई, आनि ती एक ओळ?

प्रांजल : लिहिते. राहते म्हणून.

मंगल : साक्षे, ये की आत. ते सगळं फळीवर ठेव. या ताई चहा घेऊन एकट्याच जाणार हायत.